धागा कोणाचा तुटला?

प्रताप नगर, नागपूर
१२ नोव्हेंबर २०२५

ती. बाबांस,
धनश्रीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाले ऐकू येत नाही, अन् हे ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून पत्र. कुशलचे हर्नियाचे टाके वाळले, सोफ्यावरून उड्या मारून राहिला. पण काल आंघोळ करताना सहज म्हणाला, डोळे उघडत नव्हते तेव्हा कोणीतरी धागा तुटला म्हणालं, ते त्याले ऐकू आलं.

बाबा, धागा म्हणजे टाक्याचाच नं? मग कापताना लेकरू जागं होतं का? दुखलं असेल अन् सांगता आलं नसेल, या विचारानं घास उतरत नाही. सोमवारी भुलीच्या चारुलता डॉक्टरांना विचारते.

कानात तेल ओतू नका, अन् लेकीवरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
धनश्री

उमरेड
१५ नोव्हेंबर

चि. धनश्रीस, अ. आ.

अवं बाई, तो टाक्याचा धागा नोहे, कुशलचा करदोडा! तू औषधं आणाले खाली गेली, तवा त्याले बाहेर आणलं. नर्सनं मले जवळ बसू दिलं. पाहतो तं कमर मोकळी. ऑपरेशनसाठी कापला असन. विणकराच्या घरचं लेकरू अन् कमरेले धागा नाही! मी हळूच म्हणलं, धागा तुटला गा, आबाजी गाठ मारून देते.

हळूच म्हणजे माह्या हिशेबानं. मागाच्या खटखटीत जन्म गेला, माहं कुजबुजणं केवढं असते मले काय मालूम! नर्स धावत आली अन् तोंडावर बोट ठेवलं. मले वाटलं, मनातल्या मनात देवाचं नाव घ्या म्हणते.

तरी डॉक्टरीणबाईले विचारच. नवा करदोडा पाठवून राहिलो.

तुहा बाप,
ईश्वरदास

प्रताप नगर
१८ नोव्हेंबर

ती. बाबांस, शि. सा. न.

डॉक्टरांनी कुशलले काही न सुचवता विचारलं, झोपण्याआधी शेवटचं काय आठवते अन् उठताना पहिलं काय. शेवटचा मास्कचा वास, पहिले आबाजी. मधलं काहीच नाही, दुखल्याचंही नाही. क्वचित एखाद्या मुलाले मधलंही आठवते, म्हणून विचारलं ते बरंच केलं म्हणाल्या; कुशलचं मात्र जाग येतानाचं, डोळ्यांआधी कान उठले. मी तिथंच रडली, मग हसू आवरेना.

एकच राहिलं. कुशल म्हणतो, गाठीचं बोलल्यावर आबाजींनी सायकल कबूल केली. खरं का?

आशीर्वादाची वाट पाहणारी,
धनश्री

उमरेड
२२ नोव्हेंबर

चि. कुशलले आबाजीचे अ. आ.

सायकलचं मी बोललोच नाही गा. मनात तेवढं म्हणलं होतं, लेकरानं एकदा डोळे उघडू दे, सायकल घेऊन देतो. आता मनातलंबी मोठ्यानंच निघत असन तं काय करू?

लाल पाहिजे का निळी, ते लिहून कळव. फोनवर मले ऐकू येत नाही.

तुहा,
आबाजी