ओठांनी वळवलेला ट्रक

प्रिय मावशी, आणि पोलिसाला फोन करून तो येईपर्यंत मेंढ्यांची लोकर कातरून झालेल्या आपल्या समस्त मंडळींनो,

तुझा गुडघा कसा आहे? मेंढ्या बऱ्या ना? मी ठीक आहे, फक्त थकलोय. चव्वेचाळिसाव्या वर्षी या पोलीस प्रशिक्षण केंद्रात मला रोज पळवतात आणि वर जे वाढतात त्याला मटण म्हणतात (तू ते कुत्र्यालाही घातलं नसतंस).

बातमी वाईट आहे. वाहतुकीच्या परीक्षेत नापास झालो. चौकात उभं केलं होतं. ट्रकवाल्याने विचारलं, कुठे वळू? आपल्या नवाहो लोकांत माणसांसमोर बोट रोखत नाहीत, म्हणून मी ओठ पुढे काढून उजवीकडे दाखवलं. ट्रक सरळ जाऊन पिंपांवर चढला. मागची गाडी मात्र बरोबर वळली (ती आपल्या चिनली गावची रोंडा चालवत होती). हास्किन्स मास्तर आडनावाने हाक मारून शांतपणे म्हणाले, "एत्सिटी, ट्रक वळवायचा होता. त्याचा मुका कुणी मागितला?" वर शेरा: नजरेला नजर देत नाही. मोठ्यांच्या डोळ्यांत रोखून बघू नये, हे तूच शिकवलंस. आता तूच त्यांना समजाव.

गुरुवारी फेरपरीक्षा, शेवटची. प्रमाणपत्र नाही तर वर्दी नाही, आणि आपल्या एवढ्या नवाहो मुलखाला पुन्हा तो एकटा म्हातारा पोलीस वुडी. कायदा शिकायला मी तयार आहे, पुस्तकं पालथी घातलीत. पण ज्यांच्या दारात उभं राहायचं त्यांच्याच रीती विसरल्यावर मी पोलीस ठरणार असेन, तर ते दार मला उघडेल कोण?

तुझा भाचा,
लेरॉय

ता. क. पत्र टाकायचं राहिलं, म्हणून कळवतो: पास झालो. दोन्ही हातांची बोटं रोखली. शनिवारी वर्दीत गावात आलो आणि बेनाली आजोबांना त्याच बोटाने रस्ता दाखवला. ते उलट्या दिशेने निघून गेले.

पुन्हा ता. क. खरं काम हे. रविवारी गावसभेत माझा प्रस्ताव पुन्हा आहे: आपल्या पोलिसांचं प्रशिक्षण आणि परीक्षा आपल्याच भूमीवर, आपल्याच परीक्षकांसमोर. गेल्या खेपेला तुम्ही बारा जणांनी माझ्याकडे ओठ करून पाठिंबा दिलात, आणि मतं मोजणाऱ्या बाईचं डोकं वहीत होतं. प्रस्ताव पडला. रविवारी ये, मावशी, आणि हात वर कर. हातच.