सोडलेली गोळी

॥ श्री ॥
रावेर, श्रावण वद्य पंचमी

डॉक्टरसाहेबांस चुडामण तोताराम याचा नमस्कार.

माझे थोरले भाऊ जीवराम यांच्या स्वादुपिंडाचं ऑपरेशन तुम्ही धुळ्याला केलंत. चौथ्या दिवशी भाऊ गेले. तुम्ही व्हरांड्यात येऊन म्हणालात, "माझाच हात कुठेतरी कमी पडला."

भाऊ दम्यासाठी नऊ वर्षं रोज एक पांढरी गोळी घेत. चातुर्मासात आम्ही काहीतरी सोडतो. मी वांगी सोडली, तर भाऊ हसले. "वांगं सोडून देवाला फसवतोस का रे? मी ज्याच्यावाचून चालत नाही ते सोडतो." त्यांनी गोळी सोडली. आठ दिवसांनी, ऑपरेशनाआधी, तुम्ही विचारलंत, "सध्या काही औषध चालू आहे?" मी म्हणालो, "नाही, साहेब." ते खरंच होतं.

तेराव्याला इथला कंपाउंडर म्हणाला, "ती गोळी वर्षानुवर्षं घेतली की जखम लवकर भरत नाही. आणि एकदम सोडली की ऑपरेशनात रक्तदाब सावरत नाही." मला रडू आलं नाही. अजूनही येत नाही.

वहिनी भेटेल त्याला सांगतात, "शेवटपर्यंत नेम मोडला नाही त्यांनी." त्या आधारावर त्या दोन घास खातात. म्हणून हे पत्र टपालात न टाकता पोथीत ठेवतो आहे.

तुमचा हात कमी पडला नव्हता, साहेब. रोज पूजेला बसलो की हे मी देवाला सांगतो.

आपला,
चुडामण