ओटीचा नारळ

चौल, शुक्रवार, संध्याकाळ

विमानतळावर सुमीला सोडून आले, तरी डोकं अजून भणभणतंय. लेकीला सातवा महिना. मस्कतला नवऱ्याकडे परत निघाली म्हणून पहाटे तिची ओटी भरली. नारळ आपल्याच वाडीतला, चांगली शेंडी ठेवून सोललेला. ओटीचा नारळ मागे ठेवून निघतं का कुणी?

सामान घेणारी म्हणाली, नारळ मोठ्या बॅगेत चालत नाही, हातात न्या. हातात नेला, तर आत तपासणीवाली म्हणते, हातातही चालत नाही, फेकून मारता येतो. माझी अवघडलेली पोर कुणाला मारणार होती? चार पावलं चालली की तिला धाप लागते! शेवटी नारळ तिथल्या डब्यात टाकायला लावला. ओटीचा नारळ, पाण्याच्या बाटल्या नि लायटरांत! आम्ही परतीच्या वाटेवर असताना तिने फोनवर रडत सांगितलं हे सगळं.

आत्ता मस्कतला पोचल्याचा फोन आला. म्हणाली, "आई, चिडू नकोस. टाकायच्या आधी मी शेंडी उपटून घेतली, ओढणीच्या टोकाला बांधून आणलीय. तिला कुणी हरकत घेतली नाही."

शेंडीने कुणाचं डोकं फुटत नाही, एवढं तरी कळलं म्हणायचं त्यांना!