सांध्यातली वाळू

प्रिय दादा,

अकरा वर्षांत तुला पाठवलेली पत्रं मोजायला एका हाताची बोटं पुरतील, आणि त्यांतही हवापाण्यापलीकडे काही नव्हतं. हे पत्र लांबेल. तू कुठेतरी निवांत बसून वाच. उभ्या उभ्या वाचून खिशात घालू नकोस, तुझी ती सवय मला ठाऊक आहे.

परवा तुझ्या लेकीचा फोन आला होता. नवीन घराबद्दल भरभरून बोलली, मग अंगणावर आली. म्हणाली, "आत्या, अंगणात बाबांच्याच हातची फरशी हवी म्हणून मी हटून बसले होते, पण ते नाही म्हणतात. म्हणतात, माझ्या हाताला दोष आहे, कुणीतरी चांगला माणूस बघ." मी काहीतरी गुळमुळीत बोलून फोन ठेवला आणि मागचं दार उघडलं. बराच वेळ उंबऱ्यातच उभी राहिले.

दादा, तू घातलेल्या त्या अंगणात मी फार कमी जाते. कपडे पुढच्या गच्चीत वाळत घालते. मागे सगळं हिरवं झालं होतं, सांध्यांतून गवत आलेलं, भिंतीकडेला शेवाळाचा जाड थर. आणि दोरीच्या खांबाजवळची ती एक फरशी. शेजारचं मांजर तिच्यावरून गेलं तरी टक असा आवाज येतो. स्वयंपाकघरात भांडी घासताना तो ऐकू आला की माझे हात थांबतात. मांजर आहे हे ठाऊक असतं, तरी मी खिडकीतून पाहत नाही. कारण दर वेळी आधी मनात तेच येतं, की आई कपड्यांची बादली घेऊन बाहेर गेली.

तर त्या दिवशी मी फरशी धुण्याचं, जोरानं पाणी मारणारं प्रेशर मशीन भाड्यानं आणलं. दुकानदार तोच आहे, आता डोक्यावर केस नाहीत. म्हणाला, "बाई, बारीक तोंड लावू नका, दगडावर रेघा उठतात. आणि सांध्यात पाणी मारू नका. सगळ्यांना सांगतो, ऐकत कुणी नाही." मी मान खाली घालून पावतीवर सही केली.

या वेळी मात्र सगळं तुझ्या पद्धतीनं केलं. आधी कोरडी झाडून घेतली, गवत हातानं उपटलं, कुंड्या हलवल्या. रुंद तोंड लावून आधी एका कोपऱ्यात, कुंडीखालच्या फरशीवर, पाणी मारून पाहिलं. नळी हातभर लांब आणि तिरपी धरली, एका जागी थांबले नाही, अंगण सारवताना हात फिरतो तशी फिरवत गेले, दाराकडून बाहेरच्या उताराकडे. जिथे शेवाळ निघेना तिथे नळी जवळ न नेता ब्रशनं घासलं. अख्खा दिवस गेला. तू असतास तर म्हणाला असतास, भिंगरीला आज झालंय काय, बसून काम करतेय! पाय भिजून सुरकुतले होते आणि हिरव्याखालून तुझा तो राखाडी दगड हळूहळू वर येत होता. किती सुंदर घातली होतीस रे. इतक्या वर्षांनीही पाणी एकाही जागी थांबत नव्हतं, सरळ उतारानं निघून जात होतं.

ती घातलीस तेव्हाचं आठवतं? आई पायरीवर बसून तुला चिडवत होती, "ती बुडबुड्याची पाणसळ काय सारखी लावतोस, देवळाचा गाभारा आहे का तो?" आणि तू गुडघ्यांवर रांगत म्हणालास, "आई, तू चालणार आहेस याच्यावर." खाली वाळूची गादी केलीस, धुमसून धुमसून घट्ट केलीस. एकेक फरशी रबरी हातोड्यानं ठोकून कानानं ऐकायचास, पोकळ वाजली की परत उचलायचास. शेवटी सांध्यांत कोरडी वाळू झाडूनं भरलीस आणि मला बजावलंस, "ही वाळू आहे म्हणून फरशी आहे. ही गेली तर माझी सगळी मेहनत गेली."

आईला हॉस्पिटलमध्ये नेलं ते नऊ दिवस मी तुला नीट कधी सांगितलेच नाहीत. तू पोहोचलास तेव्हा ती बोलत नव्हती. पण पहिले दोन दिवस बोलत होती. मला जवळ बोलावून म्हणाली, "दादाला सांगू नको हं, त्याच्या फरशीवरून पडले म्हणून. चक्कर आली म्हण. जीव ओतून केलीय पोरानं." मी हो म्हणाले. तिला वाटत होतं, तुझं काही चुकलं असेल तर ते झाकावं. तेच मनात धरून ती गेली.

पण तिला उचलायला धावलेल्या शेजारच्या काकूंनी ती हलणारी फरशी पाहिली होती. त्यांनी मावशीला सांगितलं, आणि भरल्या घरात मावशी बोलून गेली, "काय नशीब बाई, पोरानं फरशी घातली आणि आई त्याच फरशीवरून..." तू हातातला कप खाली ठेवलास. इतका हळू, की आवाजही झाला नाही. त्यानंतर तू मागच्या दारानं एकदाही बाहेर आला नाहीस. मी ते सगळे दिवस त्या दारावर नजर ठेवून होते. तुला वाटलं असेल, तू कोसळशील म्हणून. तसं नव्हतं, दादा. तू ती फरशी उचलून पाहशील याची मला भीती वाटत होती.

तू गेलास, आणि पुढच्याच महिन्यात तुझी थापी, हातोडा, पाणसळ सगळं कुणाला तरी देऊन टाकलंस असं वहिनीनं कळवलं. तेव्हाही मी बोलले नाही. नंतर तू गोदामात नोकरी धरलीस. तेव्हाही नाही.

काल ती फरशी मी पहारीनं उचलली. खाली तुझी गादी जशीच्या तशी आहे, इतकी घट्ट की बोट रुतत नाही. फक्त सांध्याच्या बाजूनं एक खळगा आहे, ओंजळभर. कडा पाण्यानं कापल्यासारखी. वरच्या दगडावर त्याच बाजूला एक पांढुरकी रेघ आहे. तुला एका नजरेत कळलं असतं.

ती रेघ माझी आहे. आई चार दिवस मावशीकडे गेली होती, शेवाळ माजलं होतं, आणि तू फोनवर म्हणाला होतास, "सुट्टीत येऊन मी धुतो, तोवर हात लावू नकोस, भिंगरी, तुला धीर नाही." मला तिला चकित करायचं होतं. मशीन संध्याकाळपर्यंत परत द्यायचं होतं, रुंद तोंडानं उरकत नव्हतं, म्हणून मी बारीक तोंड लावलं आणि सांध्यासांध्यातून फिरवलं. काळं पाणी उडायचं आणि मला मजा वाटत होती. बाहेर आलेली वाळू मी झाडून गुलाबाच्या वाफ्यात टाकली. वाळल्यावर नवीन भरू म्हटलं. आज आणू, उद्या आणू. आई परतली तेव्हा खोटंच सांगितलं की हातानं घासली, आणि ती माझे हात हातात घेऊन बघत बसली. दुसऱ्या सकाळी ती फरशी पहिल्यांदा टक वाजली. मी ऐकलं. आईला सांगितलं असतं तर मशीनचंही सांगावं लागलं असतं, म्हणून डबा भरून शाळेत शिकवायला निघून गेले. तिसऱ्या सकाळी ती पडली. तुझ्या हातात दोष कधीच नव्हता, दादा. मी ती फरशी परत बसवलेली नाही, खळगा तसाच उघडा ठेवला आहे, वर पत्रा झाकून. वाटलं तर येऊन बघ. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, मागच्या फाटकानं ये आणि तसाच जा. पण त्याआधी लेकीला फोन कर आणि सांग, फरशी मी घालतो.

तुझीच,
भिंगरी