नोएमी तास मोजते

४ ऑक्टोबर, शनिवार

सुनेला, व्हर्नाला, समोर बसवून सांगते आहे. मला अक्षर येत नाही, तिला येतं. पण मतं माझी; तिने मध्ये स्वतःची घालायची नाहीत. हेही लिही म्हटलं.

काल विमान कंपनीचा माणूस शाळेच्या हॉलमध्ये बोलून गेला. जगभर पायलटांचा तुटवडा आहे म्हणे. मी हात वर केला. म्हटलं, साहेब, आठ वर्षांत अकरा पायलट माझ्या माडीवर झोपून, माझ्या हातचं खाऊन गेले. तुटवडा असलेली माणसं अशी रांगेने येतात का? हॉल हसला. तो म्हणाला, आजी, येतात, पण टिकत नाहीत. सध्याची पायलट नोएमी गेली आणि दुसरं कोणी मिळालं नाही, तर गुरुवारचं विमान बंद.

मग कोणी हसलं नाही. आमच्या किनाऱ्याला रस्ता नाही. हिवाळ्यात समुद्र गोठला की बोटही नाही. गुरुवारच्या विमानाने मी आयडाकडे जाते. आयडा माझी थोरली बहीण, शंभर मैलांवर वृद्धाश्रमात असते. दिवसभर भांडतो, संध्याकाळी मी परत.

ठराव: नोएमी जाणार नाही. ते मी बघते.

९ ऑक्टोबर, गुरुवार

पायलट धरून ठेवणं अवघड नाही. खाऊ घालायचं. काल कॉड माशाच्या जिभा तळल्या. नोएमी मॉन्ट्रियलकडची, चोवीस वर्षांची, अंगाने काडी. तीनदा वाढून घेतलं. आयडाला म्हटलं, मुलगी राहिलीच समज. ती म्हणाली, आधीचे अकरा काय उपाशी होते? आयडाचा स्वभाव लहानपणापासून असाच.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

रोज जेवण झालं की नोएमी एक काळी वही उघडते, आकडे लिहिते, बेरीज करते, उसासा टाकते. मला वही वाचता येत नाही, उसासा येतो. व्हर्नाला विचारलं. ती धावपट्टीवरच्या खिडकीत तिकिटं देते, तिला सगळं ठाऊक. म्हणाली, आई, ती तास मोजतेय.

तास कोण मोजतं? ज्याला करमत नाही तो. त्या अकरांकडेही अशाच वह्या होत्या. कंटाळून गेली बिचारी, आणि मी त्यांना जेवणावर धरू बघत होते.

व्हर्नाला आणखी काही सांगायचं होतं. म्हटलं, तू लिही.

ठराव: मुलीला इतकं उडवायचं की तास मोजायला फुरसत मिळता कामा नये.

१ नोव्हेंबर, शनिवार

मोहीम जोरात. चर्चच्या बायकांना पटवून बिंगो खेळायला शेजारच्या बंदरात विमानाने नेलं. नऊच्या नऊ जागा भरल्या. सहा जणांना दातांच्या डॉक्टरकडे धाडलं. त्यात म्हातारा क्लेटन. म्हणाला, बाई, माझ्या तोंडात एक दात नाही, मी दाखवू काय? म्हटलं, हिरड्या दाखव. गेला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

उसासे बंद. आता ती वही लिहिताना शीळ घालते. आज मला मिठी मारून म्हणाली, आजी, तुम्ही नसता तर माझं काय झालं असतं. व्हर्ना पेन खाली ठेवून माझ्याकडे बघत बसली. काय गं, म्हटलं. आई, ते तास, म्हणाली. म्हटलं, तू लिही.

कंपनीच्या साहेबाला पत्र लिहवलं: तुटवडा वगैरे काही नसतं, पायलटला रिकामं बसवू नका. उत्तराची घाई नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आयडाकडे. आता मंगळवारच्या विमानानेही जाते. तेवढंच मुलीला काम.

८ डिसेंबर, सोमवार

आज व्हर्नाने पेन हातात घ्यायलाच नकार दिला. म्हणाली, आधी ऐका. पायलटांना तास हवे असतात, आई. दीड हजार तास उडवले की मोठी कंपनी घेते. म्हणून तर येतात आपल्याकडे. तिचे आता दोन राहिलेत.

मी म्हटलं, मग तू मोजतेय का म्हणालीस? जमवतेय म्हणायचं. मोजणं वेगळं, जमवणं वेगळं. सुनेने शब्द जपून वापरावेत. व्हर्ना म्हणाली, मी चार वेळा सांगायला आले, तुम्ही चारही वेळा लिही म्हणालात. हे वाक्य तिने आपल्या मनाने लिहिलं असणार.

ठराव: बिंगो बंद. क्लेटनच्या हिरड्या बंद. कोणीही कुठेही जायचं नाही. सगळ्यांना फोन करून सांगितलं. क्लेटनला वाईट वाटलं, त्याला तिथली नर्स आवडली होती.

९ डिसेंबर, मंगळवार

धुकं. देव माझ्या बाजूने आहे.

१० डिसेंबर, बुधवार

धुकं. नोएमी खिडकीशी. मी मूस हरणाच्या मांसाचा रस्सा केला. दोघी आपापल्या कारणाने आभाळाकडे बघत जेवलो.

११ डिसेंबर, गुरुवार

ऊन पडलं. मी जाणार नव्हते. पण आयडाचे लोकरी मोजे विणून तयार होते, आणि मोजे काय स्वतः उडत जाणार? विमानात मी एकटीच. जायला एक तास, यायला एक.

आयडाला मोजे घट्ट झाले.

१३ डिसेंबर, शनिवार

नोएमीने वही आणून शेवटच्या ओळीवर माझं बोट ठेवलं. म्हणाली, आजी, हे तुमचं उड्डाण. तुमच्यामुळे चार महिने आधी झालं. रडली. मीही रडले, पण माझं कारण मी सांगितलं नाही. बेकअॅपल या आमच्याकडच्या रानफळाच्या मुरंब्याच्या दोन बरण्या दिल्या. मोठी कंपनी, मोठं विमान. तिथे चांगलं खायला मिळत नाही म्हणतात.

कंपनीचा कागद आला. व्हर्नाने वाचला: पायलटांच्या तुटवड्यामुळे गुरुवारचं विमान पुढील सूचनेपर्यंत रद्द. मंगळवारचं नंतर कळवू, असंही त्यात होतं.

माझं मत बदललेलं नाही. तुटवडा नाही. पायलट आहे, मी तिला ओळखते. फक्त इथे नाही.

१८ डिसेंबर, गुरुवार

आयडाला फोन केला. फोन काही वाईट नाही. तोंड बघावं लागत नाही, निवांत भांडता येतं. पाऊण तास तिला सगळं समजावून सांगितलं, आणि एकदाही मध्ये बोलली नाही. सत्तर वर्षांत पहिल्यांदा माझं पूर्ण ऐकून घेतलं, म्हणून बरं वाटलं.

मग तिकडून नर्स बोलली. आयडा फोन टेबलावर ठेवून जेवायला गेली, त्याला अर्धा तास झाला.