बाबांच्या सगळ्या मुली

७ फेब्रुवारी २००३, शुक्रवार
ताईच्या वेदांगच्या आजाराला एकदाचं नाव मिळालं — फ्रॅजाइल एक्स. सहा वर्षांचा घोडा, चार शब्द बोलतो. ताई क्लिनिकमध्येच रडली. गुणवंत भावोजी गाडी बघून येतो म्हणून खाली गेले ते गेलेच! राहिले मी, त्याची मावशी.

डॉक्टर शहनाझनी कागदावर काढून दाखवलं. पेशीत आरएनए नावाचे निरोप फिरतात. एक प्रोटीन त्यांना धरून ठेवतं, वेळ आली की सोडतं. ते बनवणारा जीन एफएमआर-वन, एक्स गुणसूत्रावरचा. वेदांगचा बंद आहे, म्हणून निरोप नको तेव्हा सुटतात. आमच्या ऑफिसात मेमो वाटणारा रजेवर गेला की होतं तसं, बहुतेक.

८ फेब्रुवारी
ताईच्या सासूबाईंचा पुण्याहून फोन. 'आमच्याकडे असलं काही नाही हो!' खलास. ताईने फोन ठेवला आणि कुकर लावला.

२ मार्च
ताईचा रिपोर्ट आला. तिच्यात दोष आहे, पण सौम्य. तिला त्रास नाही, तिच्याकडून वेदांगला गेला.

बाबांचंही रक्त घेतलं होतं, हात थरथरतात म्हणून. आई गेल्यापासून हिवाळाभर ते इथे ताईकडे, आमच्यासोबतच असतात. आम्ही म्हणायचो, वय झालं. वय कसलं! त्यांच्यातही तेच. पुरुषांना उतारवयात अशी थरथर होते हे डॉक्टर लोकांनाच आत्ता कुठे कळलंय.

'बाप का एक्स सब बेटियों में जाता है. सब में.' शहनाझ माझ्याकडे बघून म्हणाल्या. बापाकडे एक्स एकच, तोच प्रत्येक मुलीला जातो.

बाबा म्हणाले, 'म्हणजे हीसुद्धा?'

माझंही रक्त दिलं. असणारच म्हणे, फक्त किती ते बघायचं.

५ मार्च
उपेंद्रला सांगितलं. साखरपुडा झालाय, मे महिन्यात लग्न. लपवणं मला जमणार नाही. तो म्हणाला, 'रिपोर्ट येऊ दे, सुजाता. नॉर्मल असला तर आईला सांगायलाच नको.' आणि नसला तर? मी विचारलं नाही. राग आला तो घरी आल्यावर. नेहमीचंच माझं.

१४ मार्च, शुक्रवार
 आज वाढताना बाबांच्या हातून आमटी सांडली, तर म्हणाले, 'हेच दिलं मी पोरींना.' ताई ओरडली — 'बाबा, पुरे!' वेदांगने टाळ्या वाजवल्या. मग सगळेच हसलो, बाबासुद्धा.

ताई म्हणते, एखादी सुटत असेल की गं! वर 'इन्शाल्ला' म्हणाली चक्क. मलाही सुटायचंय. इथे लिहायला काय हरकत आहे — फार सुटायचंय.

२३ मार्च
शहनाझचा फोन. 'अकेली आना. पापा को मत लाना.'

२४ मार्च, दुपारी
नॉर्मल! पूर्ण नॉर्मल. मी खुर्चीतून उठलेच. शहनाझ हसल्या नाहीत. म्हणाल्या, दोनदा तपासलं.

मग उतरलं डोक्यात. बाबांच्या सगळ्या मुलींमध्ये जातं. माझ्यात नाही. म्हणजे मी बाबांची मुलगी नाही.

आई असती तर विचारलं असतं. बाबांना माहीत आहे की नाही, देव जाणे. उपेंद्रला फोन केला नाही.

२४ मार्च, संध्याकाळी
बाबा दार उघडून उभेच होते. 'काय आलं गं?'

'आहे,' मी म्हटलं. 'तुमच्याइतकंच.'