खांबांखालची जागा

४ ऑगस्ट ९६, रवि.
आजपण तेच. दारात एक मारुती, एक जीप, मधे कुत्रं जाईल एवढी वाट. घर गल्लीच्या या अंगाला, आमचा गणपतीचा कारखाना समोर. मूर्ती साच्यातून निघाली की फळीवर घ्यायची, गल्ली ओलांडायची, घराच्या पडवीत वाळत ठेवायची. सासऱ्यांपासून असंच. आज हे आणि भावोजी फळी घेऊन निघाले तर जीपवाल्याने आतून दार उघडलं. ओल्या मूर्तीचा हात गेला. म्हणतो, सॉरी बाई, दिसलं नाय. तीन फुटी गणपती दिसला नाय मेल्याला. माती परत भिजत घातली.

५ ऑगस्ट
राग जात नाय. ही शेजारची पाच मजली बिल्डिंग उठत होती तेव्हा ती बांधणारा शेठ हात जोडून दारात. ट्रक वळत नाय, तुमचा ओटा तोडून द्या. खाली मोकळंच राहणार, नुसते खांब, गाड्या लावायला. आमची माणसं खुळी. खांब आणि वर स्लॅब ऐकल्यावर यांना गणपतीच दिसायला लागले. पावसात आडोसा, चारी बाजूंनी वारा, मूर्ती काय झकास सुकतील. दिला ओटा तोडून. गेल्या पावसात शेठने मूर्ती ठेवूपण दिल्या. का नाय देणार. गिऱ्हाईक आलं की दाखवायचा, बघा, आपल्याकडे बाप्पा आधी राहायला आले. फ्लॅट खपले. मग खांबांमधे भिंती, शटर. गाळे काढून विकले दुकानांना. गाड्या आमच्या दारात.

८ ऑगस्ट
न.पा.त विचारलं. बिल्डिंगच्या नकाशात खाली गाड्यांचीच जागा हाय म्हणाले.
जीपवाल्याशी भांडले. कंपनीत हाय, तिसऱ्या मजल्यावर राहतो. म्हणतो, "शेठ मलापण खाली जागा देणार होता. तिथे मिठाईचं दुकान निघालं. गाडी लावू कुठे?"
म्हटलं, "तिसऱ्या मजल्यावर न्या. पलंगाशेजारी."
शेजारची वत्सला हसली. तोपण हसला. मग मला राग जास्तच चढला. फसलाय बिचारा, पण फसून माझ्याच दारात का?

१२ ऑगस्ट
रोह्याच्या पाटीलकाकांचा निरोप. कच्च्या मूर्ती आमच्याकडून नेतात, तिथे रंगवून विकतात. रविवारी टेंपो येणार. मागच्या खेपेला गल्लीत शिरला नाय, भर पावसात मूर्ती हातांवर हायवेपर्यंत नेल्या, चार फुटल्या. या खेपेला टेंपो दारात लागला नाय तर हमरापूरच्या कारखान्यांतून माल उचलतो म्हणाले. वर्षाचं काम त्यांच्यावर. ते गेले की उरलं काय

१३ ऑगस्ट
शेठचं ऑफिस रोह्यालाच. यांना म्हटलं चला. म्हणे देवाचं काम आपलं, भांडण कशाला. म्हटलं देवाचाच हात मोडला. एकटी गेले यष्टीने. नागोठण्याला अर्धा तास खोळंबा.
शेठने चहा मागवला. मावशी, बसा. मावशी, बाप्पाचा आशीर्वाद. गाड्यांचं गणपतीनंतर बघू.
"गणपतीनंतर गल्ली मोकळी करून काय करू? फुगडी घालू?"
चहा तसाच ठेवून आले.

१५ ऑगस्ट
एक गाळा विकायचा राहिलाय, गिलावा चाललेला, शटर वर. मी, वत्सला, भावोजींनी सकाळपासून मूर्ती नेऊन ठेवल्या आत. गाळा अर्धा भरला. वॉचमनने नमस्कार केला आणि बाजूला झाला.
दुपारी शेठचा मॅनेजर. हे काय, उचला.
"तुम्ही उचला."
चप्पल काढली त्याने, आत गेला, उभा राहिला. हात लावायची छाती होईना. ओली माती, धरली कुठे तर जाणार. आणि गेली तर पाप कुणाचं?
हे इतका वेळ दारात उभे. मला वाटलं आता मलाच ओरडणार. गेले, आणखी एक फळी घेऊन आले.
मी मॅनेजरला सांगितलं, मूर्ती हलायच्या नाय, शेठला जाऊन सांग. खांबांखाली गाड्या राहणार का दुकानं, एवढंच सांगायचं. माणूस पाठवायचा नाय, चिठ्ठी नाय, मावशी नाय. स्वतः यायचं, इथे उभं राहून सांगायचं. शनिवारी, टेंपोच्या आदल्या दिवशी, दिवे लागायच्या आत.